किती डास मारायचे?

शाळेत सामान्य विज्ञानाच्या पेपरात जोड्या लावा हा प्रश्न हमखास असायचा. एका बाजूला शास्त्रज्ञांची नावं, दुसऱ्या बाजूला त्यांचे शोध. देवीची लस आणि जेन्नर, पेनिसिलीन आणि फ्लेमिंग, मलेरियाचा डास आणि रोनाल्ड रॉस. रेघ ओढायची, एक मार्क खिशात घालायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. आपल्यापैकी बहुतेकांची रॉसशी ओळख तेवढ्यावरच थांबलेली असते. फार तर त्याचा शोध हिंदुस्थानात लागला आणि त्याला नोबेल मिळालं, एवढं आठवतं.

पण मंडळी, डासाचा शोध १८९७-९८ मधला. त्यानंतर रॉस आणखी ३४ वर्षं जगला आणि त्यातली बरीच वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होता. डास मलेरिया पसरवतो हे ठीक, पण किती डास किती मलेरिया पसरवतात? मलेरिया थांबवायचा तर किती डास मारायचे? हा प्रश्न जोड्या लावामध्ये येत नाही, कारण त्याचं उत्तर एका शब्दात नाही, एका समीकरणात आहे. २०२० साली कोविडच्या काळात इथल्या बातम्यांत आर नावाचा एक आकडा आपण सारखा ऐकत होतो. एकाच्या वर गेला की धडकी भरायची, एकाच्या खाली आला की हायसं वाटायचं. या आकड्यामागच्या विचाराचा पाया ज्यांनी घातला, त्यांत रॉसचं नाव फार वरचं आहे. त्या दुसऱ्या रॉसची ही गोष्ट.

वडिलांच्या इच्छेखातर डॉक्टर

रोनाल्ड रॉसचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. मीरतला उठाव सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. वडील फौजेत अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरला. तेव्हाच्या साहेबलोकांच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वर्षी त्याची रवानगी इंग्लंडला नातेवाइकांकडे झाली. मुलाला चित्रकलेची आवड, कवितेची आवड, संगीताची आवड. गणितही चांगलं होतं. चौदाव्या वर्षी गणिताचं बक्षीस म्हणून त्याला खगोलशास्त्रावरचं एक पुस्तक मिळालं. पण वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं, मुलगा डॉक्टर होणार आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जाणार. (इंजिनियरिंग की मेडिकल, एवढाच पर्याय मिळालेल्या आपल्या पिढीला हे नवीन नाही!)

मुलाने ऐकलं, पण मनापासून नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिकताना त्याचं लक्ष अभ्यासापेक्षा कविता आणि नाटकांकडे जास्त. एका परीक्षेत नापास झाला, मधल्या काळात लंडन-न्यूयॉर्क जहाजावर डॉक्टर म्हणून काम केलं, आणि १८८१ साली नोकरीच्या परीक्षेत बावीस जणांत सतरावा आला. मद्रास इलाख्यात नेमणूक झाली.

लष्करी डॉक्टरला तेव्हा काम बेताचंच असायचं. रॉस फावल्या वेळात कादंबऱ्या लिहायचा आणि गणिताची पुस्तकं आणून स्वतःच शिकायचा. १८८३ मध्ये तो बंगलोरला होता. बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. खिडकीबाहेर पाण्याचं एक पिंप होतं, त्यात त्याला डासांच्या अळ्या दिसल्या. त्याने पिंप उपडं केलं आणि डास कमी झाले. मग त्याने वरच्या अधिकाऱ्याला सुचवलं की मेसमधली बाकीची पिंपंही उपडी करू या. अधिकाऱ्याने नकार दिला. डास निसर्गाने काहीतरी हेतूने निर्माण केलेत, ते सोसणं आपलं कर्तव्य आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. डास मलेरिया पसरवतात हे तेव्हा रॉसलाही माहीत नव्हतं. पण पुढच्या पन्नास वर्षांच्या भांडणाची ही नांदी होती म्हणायला हरकत नाही.

एक आणा, एक डास

मलेरियाचा परोपजीवी जंतू रुग्णाच्या रक्तात असतो, हे लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये अल्जेरियात दाखवलं होतं. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १८९४ मध्ये रजेवर लंडनला आलेल्या रॉसला पॅट्रिक मॅन्सन भेटले. त्यांनी मायक्रोस्कोपखाली त्याला तो जंतू दाखवला आणि आपला संशय सांगितला की यात डासांचा हात असावा. सदतीस वर्षांच्या रॉसला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सापडल्यासारखं झालं. १८९५ मध्ये तो मुंबई बंदरात उतरला तेव्हा सामान कस्टममधून सुटायच्या आतच तो मलेरियाचे रुग्ण शोधत इस्पितळात जाऊन पोचला होता.

पुढची दोन वर्षं सिकंदराबादच्या उकाड्यात आणि मध्ये मध्ये बदल्यांच्या गोंधळात गेली. मॅन्सन यांचा अंदाज अर्धाच बरोबर होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला मलेरिया होतो, असं त्यांना वाटायचं. रॉसने तेही करून पाहिलं, मेलेल्या डासांचं पाणी काही माणसांना प्यायला दिलं. आजच्या नियमांत असला प्रयोग बसणार नाही, आणि बसूही नये. चुकीच्या जातीचे शेकडो डास त्याने चिरून तपासले. हवेने डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घाम गळून मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्याच्या हाती पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास लागले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला ते चावू दिले, दर डासामागे एक आणा या दराने. त्यातल्या शेवटच्या उरलेल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत २० ऑगस्टला रॉसला मलेरियाच्या काळ्या कणांनी भरलेल्या पेशी दिसल्या. तो दिवस आज जगभर मच्छर दिन म्हणून ओळखला जातो.

त्यानंतर लगेच बदली! राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे मलेरियाचे रुग्णच मिळेनात. मॅन्सन यांनी खटपट केल्यावर १८९८ मध्ये कलकत्त्याला काम मिळालं. तिथे माणसांऐवजी पक्ष्यांच्या मलेरियावर, महंमद बक्ष या मदतनिसाच्या साथीने त्याने साखळी पूर्ण केली. जंतू डासाच्या जठरातून त्याच्या लाळेच्या ग्रंथीत जातो आणि तिथून चाव्यातून पुढच्या पक्ष्यात. माणसाच्या बाबतीत हेच घडतं आणि ते ॲनॉफिलीस डासांमुळेच, हे त्याच वर्षी ग्रासी आणि इतर इटालियन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. कोण आधी यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जुंपली ती कायमची. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं, तरी त्याचा राग काही शांत झाला नाही.

इस्माइलियात जमलं, मियाँ मीरमध्ये फसलं

रॉस १८९९ मध्ये नोकरी सोडून लिव्हरपूलला शिकवू लागला. त्याच्या दृष्टीने आता पुढचं काम सरळ होतं. डबकी बुजवा, गटारं काढा, साचलेल्या पाण्यावर तेल टाका, गावोगाव डास मारणारी पथकं तयार करा. १९०२ मध्ये सुएझ कालव्याच्या कंपनीने त्याला इजिप्तमधल्या इस्माइलियाला बोलावलं. तिथे वर्षाला दीड हजारावर मलेरियाचे रुग्ण निघायचे. डबकी हटवल्यावर दोन वर्षांत तो आकडा शंभराच्या आत आला.

पण जवळजवळ त्याच वेळी लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत हिंदुस्थान सरकारने मोठा गाजावाजा करून प्रयोग सुरू केला. कालव्याच्या फाट्यांनी वेढलेली ती छावणी. काही वर्षं डबकी साफ केली, खर्च केला, आणि निष्कर्ष आला की मलेरिया हटला नाही. १९०९ मध्ये सिमल्याला मलेरिया परिषद भरली, तिथे सरकारी डॉक्टरांचा कल साफ दिसला. डास कमी करणं हिंदुस्थानासारख्या देशात परवडणारं नाही, त्यापेक्षा क्विनाइन वाटा. ज्या देशात शोध लागला, त्याच देशाने शोधकर्त्याला सांगितलं की तुझं म्हणणं खरं आहे, पण उपयोगाचं नाही.

रॉस भडकला. वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली, सभांत भांडला. पण त्याच्या रागाच्या मुळाशी एक नेमका मुद्दा होता. मियाँ मीरमध्ये साफ केलेला भाग लहान होता, म्हणजे बाहेरचे डास आत येणारच. डास आधी किती होते आणि नंतर किती उरले, रोग आधी किती होता आणि नंतर किती, याची धड मोजणी झालेली नव्हती. मग प्रयोग फसला असं तरी कशावरून म्हणायचं? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला टेस्ट न करता बग रिपोर्ट बंद करणं म्हणतात.

बाहेरचे डास किती आत येतात, हा प्रश्नही त्याने १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या परिषदेत गणित म्हणून मांडला. डास जन्मल्या जागेपासून कुठेही, कोणत्याही दिशेला भरकटत जातो. मग शेवटी तो किती लांब सापडेल? रॉसचा तर्क असा की बहुतेक डास जिथे जन्मले त्याच्या आसपासच मरतात, म्हणून साफ केलेला भाग पुरेसा मोठा असेल तर त्याचा मध्य मोकळा राहतो आणि बाहेरच्या डासांचा त्रास कडेपुरताच उरतो. हे कोडं त्याने कार्ल पिअर्सन या प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञापुढे ठेवलं. पिअर्सनने १९०५ मध्ये नेचर नियतकालिकात हाच प्रश्न जाहीरपणे विचारला आणि त्याला रँडम वॉक असं नाव दिलं. आज शेअर बाजाराच्या अभ्यासापासून कॉम्प्युटरच्या अल्गोरिदमपर्यंत हा शब्द सगळीकडे आहे. त्याच्या पोटात एक डास दडलेला आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

मॉरिशसची पानथरी

नोव्हेंबर १९०७ मध्ये रॉस मॉरिशसला गेला. या बेटावर मलेरिया पूर्वी नव्हता. तो १८६६ च्या सुमारास आला आणि १८६७ या एका वर्षात तापाने तीस हजारांवर माणसं दगावली, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ दर दहा माणसांमागे एक. उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची वस्ती तिथे मोठी होती आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

तिथे रॉससमोर पहिला प्रश्न होता तो मोजणीचा. मलेरिया आहे हे सगळे सांगत होते, पण किती? मृत्यूच्या नोंदी बघाव्यात तर तिथे नुसता ताप असं लिहिलेलं. तापाचे प्रकार शंभर. दवाखान्यात येणारे रुग्ण मोजावेत तर गरीब माणूस दवाखान्यात येतो कुठे? घरोघरी जाऊन रक्त तपासावं तर तेवढे मायक्रोस्कोप आणि तेवढी माणसं आणायची कुठून?

रॉसने मुलांच्या पोटाला हात लावला. वारंवार मलेरिया झाला की प्लीहा, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत पानथरी, सुजून डाव्या बरगडीखाली हाताला लागते. मुलाला उभं करायचं किंवा निजवायचं, बोटांनी चाचपायचं, मोठी आहे की नाही ते लिहायचं. एका मुलाला मिनिटही लागत नाही. शंभर मुलांमागे किती जणांची पानथरी वाढलेली आहे, तो त्या गावचा मलेरियाचा आकडा. पद्धत काही रॉसची नव्हे. डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात कालव्यांच्या आसपासच्या गावांत ती वापरली होती. पण रॉसने मॉरिशसमध्ये हजारो मुलं तपासून घेतली, आणि बेटाचा कोणता भाग किती तापलेला आहे हे आकड्यांत दिसू लागलं. समुद्राकाठच्या सखल भागांत जास्त, उंचावर कमी.

या आकड्याचा दुसरा उपयोगही त्याच्या डोक्यात होता. रोगाने दरवर्षी किती मजुरी बुडते, इस्पितळावर किती खर्च होतो, किती माणसं मरतात, ते पैशांत मांडा. मग डास कमी करायला किती खर्च येईल ते मांडा. पहिला आकडा मोठा असेल तर दुसरा खर्च परवडत नाही, असं म्हणायची सोय राहत नाही. सरकारी कारकुनाला कळेल अशा भाषेत तो बोलत होता.

चाळीस डासांचा हिशोब

मॉरिशसचा अहवाल लिहिताना रॉसपुढे पुन्हा तोच आक्षेप होता. लोक म्हणायचे, तुम्ही शेवटचा डास काही मारू शकणार नाही, मग मलेरिया राहणारच. आणि जिथे डास आहेत पण मलेरिया नाही अशी गावं कशी काय असतात? रॉसने याला हिशोबाने उत्तर दिलं. त्याच्या पद्धतीचा हा हिशोब आपण सोपे आकडे धरून करून बघू. कागद-पेन्सिल पुरेल.

समजा एका गावात एकच मलेरियाचा रुग्ण आहे आणि गावात महिन्याला माणशी काही ठरावीक डास होतात. त्या डासांपैकी समजा चौथाईच माणसाला चावू शकतात, बाकीच्यांना जनावर मिळतं किंवा काहीच मिळत नाही. रुग्णाच्या रक्तात डासाला लागण होईल असे जंतू नेहमी नसतात, समजा चारांतल्या एका वेळीच असतात. जंतू डासात तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढं एकतृतीयांश डासच जगतात. आणि जे जगतात त्यांतलेही चौथाईच पुन्हा माणसाला चावतात. आता गुणाकार करा. चार गुणिले चार गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १९२. साधारण १९२ डासांमागे एक नवीन रुग्ण.

दुसऱ्या बाजूला रुग्ण बरेही होत असतात. समजा महिन्याला पाचांतला एक बरा होतो. मग रोग टिकायचा असेल तर दर रुग्णामागे महिन्याला किमान एकपंचमांश नवीन रुग्ण तयार व्हायला हवा. १९२ भागिले ५, म्हणजे ३८ च्या थोडं वर. माणशी महिन्याला साधारण ४० डास!

या चाळिसात सगळी गंमत आहे. गावात माणशी ४० पेक्षा जास्त ॲनॉफिलीस असतील तर मलेरिया टिकेल. त्याहून कमी झाले, तर डास दिसत राहतील, चावतही राहतील, पण नवीन रुग्णांपेक्षा बरे होणारे जास्त असल्याने मलेरिया हळूहळू आपोआप विझेल. म्हणजे शेवटचा डास मारायची गरजच नाही. प्रत्येक रोगाची अशी एक रेषा असते, आणि आपल्याला फक्त त्या रेषेच्या खाली जायचं असतं. चाळीस हा आकडा गृहीतकांबरोबर बदलेल, पण रेषा असते हे बदलत नाही. डास असूनही मलेरिया नसलेल्या गावांचं कोडंही यातच सुटतं. आणि मियाँ मीरमधला प्रश्नही साफ होतो. तिथे डास कमी झाले की नाही एवढंच विचारून भागणार नव्हतं, ते रेषेच्या खाली गेले का, हे विचारायला हवं होतं.

'द प्रिव्हेन्शन ऑफ मलेरिया' या आपल्या पुस्तकाच्या १९११ च्या आवृत्तीत रॉसने हाच विचार डिफरन्शियल समीकरणांत मांडला. माणसांतली लागण आणि डासांतली लागण, दोन समीकरणं एकमेकांत गुंतलेली. डॉक्टरांनी ती पानं बहुधा उलटून टाकली, आणि गणितज्ञ मलेरियाची पुस्तकं कशाला वाचतील? रॉस मात्र थांबला नाही. १९१६ आणि १९१७ मध्ये त्याने रॉयल सोसायटीसाठी लेख लिहिले, त्यांतले शेवटचे दोन हिल्डा हडसन या गणितज्ञ बाईंबरोबर. मलेरियाच काय, कुठल्याही साथीला लागू पडेल असं गणित त्यांना हवं होतं. एकीकडे युरोपात महायुद्ध पेटलेलं, आणि ही दोघं साथ कशी चढते आणि कशी उतरते याची समीकरणं सोडवत होती.

मुंबईच्या प्लेगचा आलेख

रॉसच्या या वेडाची लागण झालेला एक तरुण डॉक्टर होता, अँडरसन मॅकेन्ड्रिक. १९०१ मध्ये रॉसबरोबर तो सिएरा लिओनला गेला होता आणि रॉसनेच त्याला गणिताकडे वळवलं. पुढे त्याने हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, आणि तब्येत बिघडल्यावर एडिंबरोला परतला. तिथे त्याला विल्यम कर्मॅक हा सहकारी मिळाला. प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ मध्ये कर्मॅकची दृष्टी गेली होती. तरीही तो डोक्यात समीकरणं धरून काम करायचा.

या दोघांनी १९२७ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला तो आज साथींच्या गणितात सर्वांत जास्त शिकवला जाणारा लेख असावा. आणि त्यातला आलेख आहे आपल्या मुंबईचा! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, आठवड्या-आठवड्याने मांडलेले. १८९६ मध्ये मांडवीतून सुरू झालेला प्लेग दरवर्षी परत येत होता. त्या आलेखावरचा एकेक ठिपका म्हणजे एका आठवड्यात चाळी-चाळींतून उचललेली माणसं. ठिपके हिवाळ्यात हळूहळू चढतात, वसंतात टोकाला जातात आणि पावसाळ्यापर्यंत खाली येतात. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी त्यावर आपल्या समीकरणाची वक्ररेषा काढली. ती ठिपक्यांवर जवळजवळ बसली.

त्यांचा निष्कर्ष रॉसच्या रेषेचाच दुसरा अवतार होता. साथ संपते ती सगळ्यांना लागण होऊन गेली म्हणून नव्हे. लागण होऊ शकणाऱ्या माणसांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप ओसरते, बरीच माणसं लागणीशिवाय शिल्लक असतानाही. लस सगळ्यांना नाही, पण पुरेशा लोकांना दिली तरी साथ थांबते, या हिशोबाचं मूळ इथे आहे. मुंबईचा प्लेग उंदीर, पिसवा आणि ऋतूच्या तालावर चालायचा, त्यामुळे तो आलेख त्या समीकरणाचा भक्कम पुरावा नाही, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मोजून ठेवलं होतं म्हणूनच शंभर वर्षांनी ते तपासता आलं.

राग आणि वारसा

रॉसची म्हातारपणाची वर्षं फारशी सुखाची नव्हती. सर ही पदवी मिळाली, लंडनमध्ये पटनीला १९२६ मध्ये त्याच्या नावाची संस्था आणि इस्पितळ उभं राहिलं, १९२३ च्या आत्मचरित्राला साहित्याचं मोठं बक्षीस मिळालं. पण आपल्या शोधाने साम्राज्याचा एवढा फायदा झाला, त्याचा मोबदला मिळाला नाही, ही सल कायम राहिली. त्यासाठी तो सरकारकडे अर्ज करत राहिला. १९२८ मध्ये पैशांसाठी त्याने आपली कागदपत्रं विकायला काढली. पत्नी रोझा १९३१ मध्ये गेली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस त्याच्याच नावाच्या संस्थेत वारला. पटनी व्हेलच्या दफनभूमीत दोघं शेजारी-शेजारी आहेत. लंडनमध्ये केपेल स्ट्रीटवरच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर जी नावं कोरली आहेत, त्यांत त्याचंही आहे. ब्रिटिश म्युझियमपासून ते पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहे.

समीकरणांना खरे वाचक मिळाले ते त्याच्या मृत्यूनंतर. रॉस इन्स्टिट्यूटचेच जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात ती पुढे नेली आणि एक नवीन गोष्ट दाखवली. डासांच्या संख्येपेक्षा डासाचं आयुष्य जास्त महत्त्वाचं. रोज शंभरांतले ९० डास जगत असतील, तर दहा दिवसांनी ३५ उरतात. रोज ८० जगत असतील, तर दहा दिवसांनी जेमतेम ११. म्हणजे भिंतीवर बसलेला डास डीडीटीने थोडा लवकर मेला, तरी मलेरिया पसरवणारे म्हातारे डास झपाट्याने घटतात. घराघरांच्या भिंती फवारण्याच्या त्या काळातल्या मोहिमांना हा हिशोब मोठा आधार ठरला.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. लक्ष कमी झालं, पैसा कमी झाला, डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. रेषेच्या खाली जाणं एक, आणि खाली राहणं दुसरं. रॉसचं गणित दोन्ही सांगतं, फक्त दुसरं ऐकायला कोणाला वेळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात मलेरियाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यांतले बहुतेक आफ्रिकेत, आणि त्यांत सर्वांत जास्त पाच वर्षांखालची मुलं.

रॉस स्वभावाने भांडखोर, मानी आणि दुसऱ्याला श्रेय द्यायला कंजूस माणूस होता. पण एका बाबतीत त्याने आपल्यावर मोठे उपकार केले. रोग हा नशिबाचा भाग नाही, तो मोजता येतो आणि मोजला की त्याला कुठे गाठायचं ते कळतं, हे त्याने हट्टाने सांगितलं. कारण सापडणं ही अर्धी लढाई, उरलेली अर्धी मोजणीची. त्या मोजणीत हुसेन खानने एकेका आण्याला चावून घेतलेले डास आहेत, महंमद बक्षचे कष्ट आहेत, मॉरिशसच्या मळ्यांवर पोटं दाखवायला रांगेत उभी राहिलेली मुलं आहेत आणि मुंबईच्या दफ्तरात आठवड्या-आठवड्याने आकडे लिहिणारे अनामिक कारकूनही आहेत. जोड्या लावाच्या प्रश्नात त्यांच्यासाठी जागा नसते.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. आणि हो, या सुट्टीत घरी भारतात जाणार असाल तर गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा तेवढ्या उपड्या करून या. सगळे डास काही मरणार नाहीत. सगळे मरायची गरजही नाही.